वाटाण्याची फुले मोजणारा शेतकऱ्याचा मुलगा

भाद्रपदात मी एका झेंडूच्या प्लॉटवर गेलो होतो. आदल्या वर्षी त्या शेतकऱ्याने संकरित झेंडूची रोपे विकत आणून लावली होती. झाडे एका उंचीची, फुले एकाच भगव्या रंगाची आणि गच्च भरलेली. दसऱ्याला पैसेही बरे झाले. मग त्यांच्या मनात आले, दरवर्षी रोपांवर एवढा खर्च कशाला? चांगली फुले निवडून वाळवली, बी धरले, घरीच गादीवाफ्यावर रोपे केली आणि वीस गुंठे लावून टाकले. मी गेलो तेव्हा कळ्या उमलत होत्या. एक झाड गुडघ्याएवढे, तर शेजारचे कमरेला लागणारे. एक फूल भगवे, एक पिवळे, एक मधल्याच कुठल्या तरी रंगाचे. अधूनमधून तर अशी झाडे, की फुलाला पाकळीच नाही, नुसता हिरवट गोंडा. व्यापारी बांधावरूनच परत गेला होता. बी तर एकाच रंगाच्या फुलांचे धरले होते, मग हे सगळे आले कुठून, असे ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. कुणी त्यांना जमीन बिघडली म्हणून सांगितले होते, कुणी शेजारच्या झेंडूचा वारा लागला म्हणून.

खरे कारण जमिनीत नव्हते, खतात नव्हते आणि वाऱ्याचाही त्यात फारसा हात नव्हता. ते त्या बियाणाच्या आत होते. असे का होते याचा हिशेब जगात पहिल्यांदा ज्या माणसाने मांडला, त्याची आज ओळख करून घेऊ. नाव ग्रेगोर मेंडेल. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातून मठातला एक पाद्री आणि वाटाणा एवढेच आपल्या लक्षात राहते. पण हा माणूस मुळात शेतकऱ्याचा मुलगा. शेती म्हणजे काय हे तो पुस्तकातून शिकला नव्हता.

जुलै १८२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातल्या सायलेशिया प्रांतात, हाइन्त्सेनडॉर्फ नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. आज ते गाव झेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला हिन्चित्से म्हणतात. घरची भाषा जर्मन. मुलाचे नाव योहान. वडील अँटोन शेतकरी, आई रोझिने माळ्याच्या घरची. थोरली बहीण व्हेरोनिका आणि धाकटी थेरेसिया. घरची थोडी शेती होती, पण त्या काळी तिकडे वेठ होती. आठवड्यातले तीन दिवस अँटोनला जमीनदाराच्या कामावर राबावे लागे, उरलेल्या दिवसांत स्वतःचे पोट. ही वेठ १८४८ मध्ये बंद झाली, तोवर योहान घर सोडून गेलाही होता.

अँटोनला फळझाडांचा नाद होता. गावच्या चर्चचे पाद्री श्रायबर हे चांगल्या जातीच्या काड्या मिळवून शेतकऱ्यांना कलमे बांधायला शिकवत. आता तुम्ही बघा, कलम बांधणाऱ्याच्या घरच्या पोराला एक गोष्ट न शिकवता कळते. कलमावर झाड जसेच्या तसे उतरते, बियाने उतरत नाही. आपल्याकडे हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री कुणी देते का? कोयीचा आंबा कसा निघेल ते फळ लागल्यावरच कळायचे. हे असे का, हा प्रश्न योहानने घरच्या बागेतच ऐकला असणार.

पोरगा हुशार निघाला. शिक्षकाने सांगितले, पुढे शिकवा. अकराव्या वर्षी त्याला लिपनिकच्या शाळेत घातले, तिथून त्रोपाऊच्या मोठ्या शाळेत. पण खाण्याचे पैसे पुरे पडत नव्हते, म्हणून खाणावळीत अर्ध्याच जेवणाचे पैसे भरले जात. १८३८ मध्ये वेठीच्या कामावर असताना अँटोनच्या अंगावर झाडाचा ओंडका आला आणि छाती चेंगरली. तो माणूस पुन्हा पहिल्यासारखा कामाला उभा राहू शकला नाही. योहान सोळा वर्षांचा होता. घरून येणारी मदत थांबली, तेव्हा तो शिकवण्या करून शिकू लागला. पुढे ओल्मुत्झला दोन वर्षांच्या शिक्षणासाठी गेला, तर तिथे शिकवण्याही मिळेनात. उपासमारीने आणि काळजीने तो आजारी पडला, घरी येऊन बसला.

१८४१ मध्ये वडिलांनी शेती थोरल्या जावयाच्या नावे केली. एकुलता एक मुलगा नांगराला हात लावणार नाही, हे तोवर घरात सर्वांना कळून चुकले होते. त्या वेळी धाकटी बहीण थेरेसिया पुढे आली. तिच्या लग्नासाठी जो वाटा बाजूला ठेवला होता, त्यातला काही तिने भावाच्या शिक्षणाला दिला. आपल्याकडे भावाने बहिणीला द्यायची रीत, इथे बहिणीने भावाला दिले. पुढे या भावाने तिच्या मुलांच्या शिक्षणाचा भार उचलला आणि त्यातले दोघे डॉक्टर झाले.

१८४३ मध्ये शिक्षण संपले, पण पोटाचा प्रश्न सुटला नव्हता. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक फ्रान्त्स यांनी शिफारस केली आणि योहान ब्र्यून शहरातल्या सेंट थॉमस मठात दाखल झाला. हे शहर म्हणजे आजचे ब्रनो. मठात त्याला ग्रेगोर हे नाव मिळाले. इथून पुढे आपणही त्यांना मानाने मेंडेल म्हणू.

हा मठ म्हणजे नुसते भजन-पूजनाचे ठिकाण नव्हते. मठाच्या मालकीच्या मोठ्या जमिनी होत्या, मठातले लोक शहरातल्या शाळांत शिकवत. ब्र्यून हे लोकरीच्या कापडाचे गाव, त्यामुळे भोवतालच्या मुलखात मेंढ्यांची पैदास हा मोठा धंदा. चांगल्या लोकरीचा मेंढा विकत आणला तर त्याचे गुण पिलांत किती आणि कसे उतरतात, यावर तिथल्या मेंढपाळ संस्थेच्या सभांत वाद चालत. मठाचे प्रमुख नाप हे स्वतः त्या सभांना जात. नुसता मेंढा कसा निवडावा याची चर्चा पुरे, वारसा म्हणून नेमके काय उतरते आणि ते कसे उतरते हा खरा प्रश्न आहे, असे त्यांनी १८३७ मध्येच मांडले होते. अशा माणसाच्या हाताखाली मेंडेल येऊन पडले, हे त्यांचे नशीब म्हणायचे.

धर्मगुरूचे काम मात्र त्यांना झेपले नाही. आजारी आणि मरणाच्या दारातल्या माणसांपाशी बसायची वेळ आली की तेच आजारी पडत. नाप यांनी हे ओळखले आणि त्यांना शिकवायला पाठवले. मुलांना त्यांचे शिकवणे आवडे. पण कायम शिक्षक व्हायचे तर सरकारी परीक्षा पास व्हायला हवी. १८५० मध्ये मेंडेल त्या परीक्षेत नापास झाले. नाप यांनी मठाच्या खर्चाने त्यांना व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठवले. तिथे १८५१ ते १८५३ या काळात ते डॉप्लर यांच्याकडे भौतिकशास्त्र आणि उंगर यांच्याकडे वनस्पतिशास्त्र शिकले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, पण तीही पार पडली नाही. ज्याच्या नावाने आज जगभर धडे शिकवले जातात, तो माणूस १८६८ पर्यंत हंगामी शिक्षक म्हणूनच राबला. प्रमाणपत्राच्या बाबतीत आपल्यातल्या अनेकांना हे वाचून बरे वाटेल, मलाही वाटले.

व्हिएन्नाहून येताना त्यांनी एक सवय आणली. प्रयोगात जे दिसेल ते मोजायचे आणि आकड्यांत नियम शोधायचा. भौतिकशास्त्रात ही रीत होती. झाडांच्या संकरात ती कुणी नीट वापरली नव्हती. वाटाण्याचे संकर मेंडेलच्या आधीही झाले होते. इंग्लंडमध्ये नाइट नावाच्या बागायतदाराने रंगीत आणि पांढऱ्या फुलांच्या वाटाण्यांचा संकर करून रंग वरचढ ठरतो हे पाहिले होते. पण कोणत्या प्रकारची झाडे किती, याचा हिशेब ठेवला नव्हता. बहुतेकांची समजूत अशी, की आई-बापाचे गुण रंगांसारखे एकमेकांत मिसळतात. दुधात हळद घातली की दोन्ही पुन्हा वेगळी करता येत नाहीत, तसेच काहीसे.

१८५४ मध्ये मेंडेलनी बियाणे विक्रेत्यांकडून वाटाण्याचे ३४ प्रकार आणले. लगेच संकर केला का? नाही. दोन वर्षे नुसते पेरून पाहिले, की प्रत्येक प्रकार पिढ्यान्पिढ्या जसाच्या तसा येतो का. त्यातले २२ पुढच्या कामाला ठेवले. ही दोन वर्षे मला फार महत्त्वाची वाटतात. प्रयोगाला घेतलेले बियाणेच भेसळीचे असेल, तर पुढचे सगळे आकडे फुकट.

मठाच्या भिंतीलगतचा बागेचा तुकडा सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम अडीच गुंठे. त्यावर काड्यांचा आणि दोऱ्यांचा आधार देऊन त्यांनी वाटाणा घेतला, काही झाडे कुंड्यांत लावून काचघरात ठेवली. वाटाणाच का, हे तुम्ही फूल हातात घेऊन बघा. एक मोठी पाकळी मागे उभी, दोन बाजूंना पंखांसारख्या आणि तळाशी दोन पाकळ्या चिकटून झालेली होडी. त्या होडीत नर आणि मादीचे भाग बंद असतात. फूल उमलायच्या आतच परागकण आपल्याच फुलाच्या मादीभागावर पडतात. बाहेरच्या परागाचे काम सहसा पडत नाही, त्यामुळे वाण शुद्ध राहतो. माणसाला संकर करायचा तर कळी उमलण्याआधी उघडायची, होडी काढायची, चिमट्याने दहाही पुंकेसर एकेक करून उपटायचे आणि दुसऱ्या झाडाचा पराग तिथे लावायचा. जालना आणि बुलडाणा भागात भाजीपाल्याच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर बायाबापड्या क्रॉसिंगचे जे काम करतात, त्याची जातकुळी हीच. वाटाण्याच्या भुंगेऱ्याकडेही मेंडेलचे बारीक लक्ष असे, कारण फुलात शिरणारा हा किडा बाहेरचा पराग आणून प्रयोग बिघडवू शकतो.

त्यांनी सात गुण निवडले. दाणा गोल की सुरकुतलेला, दाण्याचा रंग पिवळा की हिरवा, शेंगेचा आकार, शेंगेचा रंग, फुले खोडावर की शेंड्याला, झाड उंच की बुटके, आणि फुलाचा रंग. आपण फुलाच्या रंगाचेच घेऊ. काही प्रकारांना जांभळी फुले, काहींना पांढरी. जांभळ्या फुलांच्या झाडाचे दाणे वरून करड्या-तपकिरी सालीचे, आणि पानाच्या बेचक्यात खोडावर तांबूस छटा. पांढऱ्या फुलांच्या झाडाची साल पांढरी, बेचका नुसता हिरवा. म्हणजे फूल यायच्या आधीच जाणत्याला रंग सांगता येतो. हे तीनही एकत्रच चालतात, ही नोंद मेंडेलनी करून ठेवली आहे.

दहा झाडांवरच्या पस्तीस फुलांचे संकर केले. जांभळ्याचा पराग पांढऱ्यावर आणि पांढऱ्याचा जांभळ्यावर, असे दोन्ही बाजूंनी. पुढच्या वर्षी ते बी पेरले तर सगळी फुले जांभळी. पांढरी आई असो की पांढरा बाप, फरक नाही. फिकट जांभळीही नाहीत, पुरती जांभळी. खाण तशी माती म्हणतात खरे, पण इथे एक खाण पांढरी असून तिची खूणही दिसेना. मिसळण्याची समजूत खरी असती, तर रंग मधला यायला हवा होता.

मेंडेल इथे थांबले नाहीत. त्या संकरित झाडांना आपले आपण फळू दिले आणि आलेले बी पेरले. झाडे उभी राहिली ९२९. त्यातली ७०५ जांभळ्या फुलांची आणि २२४ पांढऱ्या फुलांची. एक पिढी गायब झालेला पांढरा रंग जसाच्या तसा परत आला होता, जराही न मळता. प्रमाण काढले तर तीनास एकच्या जवळ. दाण्याचा आकार पाहिला, तर ७३२४ दाण्यांत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, पुन्हा तीनास एक. दाण्याच्या रंगात ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे. सातही गुणांत तेच. वरचढ ठरणाऱ्या गुणाला आपण आज प्रभावी म्हणतो, दबून राहणाऱ्याला अप्रभावी.

आता खरी मेख पुढे आहे. ही जी जांभळी झाडे, ती सगळी सारखीच का? डोळ्याला सारखी. मेंडेलनी त्यातली १०० घेतली, प्रत्येकाचे दहा दहा दाणे वेगळे पेरले. पांढऱ्यांचे बी तर पांढरेच देत होते. पण या शंभरातल्या ३६ झाडांची सगळी संतती जांभळी निघाली आणि ६४ झाडांच्या संततीत पुन्हा जांभळी-पांढरी अशी फूट पडली. म्हणजे जांभळ्यातले एक तृतीयांशच्या आसपास शुद्ध, बाकीच्यांच्या पोटात पांढरा लपलेला. झाडाकडे बघून हे सांगता येत नाही, त्याची लेकरे बघावी लागतात. आमच्या कृषी विद्यापीठांत पैदासकार एकेका झाडाचे बी एकेका ओळीत वेगळे पेरतात, ते याचसाठी.

असे का होते, ते घरी करून बघा. चिंचोका मधोमध फोडला की एक बाजू तपकिरी, एक पांढरी. पोरे पटाच्या खेळात टाकतात तसले दोन अर्धे घ्या. प्रत्येक झाडाकडे एका गुणाचे दोन हिस्से असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पुढच्या पिढीला देताना तो दोन्हीतला एकच देतो, आणि कोणता जाईल ते दैवाधीन. दोन्ही चिंचोके एकदम टाका. दोन्ही तपकिरी पडले तर फूल शुद्ध जांभळे. एक तपकिरी, एक पांढरा पडला तरी फूल जांभळेच, कारण तपकिरी वरचढ. दोन्ही पांढरे पडले तरच फूल पांढरे. शंभर वेळा टाका आणि लिहून ठेवा, दोन्ही पांढरे पंचविसाच्या आगेमागे पडतील. दहाच वेळा टाकून नियम दिसणार नाही. मेंडेलना हजारोंनी दाणे मोजावे लागले ते यामुळे. मोठा विचार हा, की पांढरा हिस्सा जांभळ्याबरोबर एका झाडात राहूनही त्याच्यात विरघळत नाही. तो आपला वेगळाच राहतो.

आता झेंडूकडे या. संकरित बियाणे म्हणजे दोन वेगवेगळ्या शुद्ध वाणांची पहिली पिढी. ती सगळी एकसारखी दिसते, कारण प्रत्येक रोपात तेच दोन हिस्से असतात. त्याचे बी धरले, की दुसऱ्या पिढीत फाटाफूट. रंगाची वेगळी, उंचीची वेगळी, आणि मेंडेलनीच दाखवले तसे एकेक गुण स्वतंत्रपणे वाटला जात असल्याने त्यांच्या जुळण्याही नाना प्रकारच्या. बिनपाकळीच्या गोंड्यांचे कोडेही इथेच सुटते. अनेक संकरित झेंडूंचे बी तयार करताना आई म्हणून बिनपाकळीचे, पराग न देणारे झाड वापरतात, कारण मग हाताने नर काढायची दगदग नसते. तो गुण अप्रभावी आहे. विकतच्या रोपात तो दबलेला होता, घरच्या बियाणात चौथ्या हिश्श्याने वर आला. त्या शेतकऱ्याला मी हे बांधावर बसून समजावले. त्यांना पटले, पण वीस गुंठ्यांचा हंगाम काही परत आला नाही.

आपल्या देशात संकरित ज्वारी १९६४ मध्ये आली, सीएसएच-१ हा तो पहिला वाण. १९७० मध्ये गुजरातेत सुरतच्या केंद्रावर सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित कापूस दिला. हे बियाणे दरवर्षी नवे घ्यावे लागते ही कंपन्यांनी काढलेली युक्तीच आहे, अशी शंका तेव्हापासून शेतकऱ्यांच्या मनात आहे. भावाबद्दल तुम्ही जरूर भांडा, तिथे मी तुमच्या बाजूला आहे. पण फाटाफूट ही युक्ती नाही, तो बियाणाचा स्वभाव आहे. उलट गहू, हरभरा, सोयाबीन यांचे सरळ वाण आपले आपण फळणारे. ते शुद्ध असले तर घरचे बियाणे उगवण तपासून खुशाल वापरा. वाटाण्यासारखाच त्यांचा हिशेब.

मेंडेलना सगळीकडे सोपे उत्तर मिळाले असे समजू नका. त्यांनी घेवड्याच्या दोन वेगळ्या जातींचा संकर केला, एक पांढऱ्या फुलांची आणि एक लाल. त्यात रंगाने त्यांना चकवले. पुढच्या पिढीत फुले आलेल्या ३१ झाडांत पांढरे एकच, बाकीची गडद जांभळट लालपासून फिकट जांभळीपर्यंत हरतऱ्हेची. तीनास एकचा पत्ता नाही. दुसऱ्या कुणी हे आकडे दडवले असते. मेंडेलनी ते छापले आणि लिहिले, की या जातीत फुलाचा रंग एका हिश्श्याने नव्हे, तर दोन किंवा अधिक स्वतंत्र हिश्श्यांनी मिळून होत असावा. पुढे इंग्लंडमध्ये बेटसन आणि पनेट यांना फुलांच्या एका वाटाण्यात दोन पांढऱ्या वाणांच्या संकरातून जांभळी फुले मिळाली. एकाकडे एक हिस्सा कमी, दुसऱ्याकडे दुसरा, एकत्र येताच रंग पुरा. मेंडेलची अटकळ योग्य दिशेची होती.

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्र्यूनच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे त्यांनी आपले काम वाचून दाखवले. गावच्या वृत्तपत्रात बातमीही आली. १८६६ मध्ये मंडळाच्या वार्षिकात तो निबंध छापला गेला, युरोपातल्या कितीतरी ग्रंथालयांत गेला. कुणी हरकत घेतली नाही, कुणी वाहवाही केली नाही. मेंडेलनी त्याच्या ४० वेगळ्या प्रती काढून घेतल्या होत्या. त्यातली एक म्युनिकचे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांना गेली, बरोबर पुढे वाटाण्याच्या बियांची १४० पुडकी, की तुम्हीच पेरून पाहा. नेगेलींना स्वतःच्या आवडीच्या हॉकवीड या रानफुलात जास्त रस होता. मेंडेलनी ते काम अंगावर घेतले आणि तिथेच फसले. हे झाड बरेचदा पराग न घेताच बी धरते, त्यामुळे लेकरे आईसारखीच निघतात. तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हते. इवल्याशा फुलांवर आरशाच्या उजेडात काम करून मेंडेलचे डोळे दुखावले ते वेगळेच. नुसत्या आकड्यांनीही काम भागत नाही बघा. डार्विन यांनी स्नॅपड्रॅगनच्या साध्या आणि वेगळ्या आकाराच्या फुलांचा संकर केला होता, १२७ झाडांत ३७ वेगळ्या आकाराची आली, आणि ते आकडे त्यांनी १८६८ मध्ये छापलेही. तीनास एकच्या इतके जवळ येऊन त्यांना नियम दिसला नाही.

१८६८ मध्ये नाप वारल्यानंतर मेंडेल मठाचे प्रमुख झाले. मग वेळ कागदपत्रांत जाऊ लागला. मधमाश्या पाळल्या, हवामानाच्या नोंदी ठेवल्या, १८७० मध्ये शहरावरून गेलेल्या चक्रीवादळाचे वर्णन लिहिले, जन्मगावी आग विझवण्याच्या सोयीसाठी पैसे दिले. १८७४ मध्ये सरकारने मठांवर कर बसवला. मेंडेलना तो अन्यायाचा वाटला आणि त्यांनी भरला नाही. जप्ती आली, जवळचे लोक दुरावले, तरी शेवटपर्यंत भरला नाही. वेठीत चिरडलेल्या बापाचा मुलगा तो. पण माझे विचाराल तर या भांडणात त्यांची दहा वर्षे गेली, ती वाटाण्याच्या वाफ्यावर गेली असती तर बरे होते. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या आजाराने ते गेले. शहरात त्यांना चांगला माणूस म्हणून ओळखत. वाटाण्याचे कुणाला माहीत? त्यांच्या मागे मठातले त्यांचे बरेच कागद जाळून टाकले गेले. अडीच गुंठ्यांतल्या त्या वह्या आज नाहीत.

१९०० मध्ये हॉलंडचे द फ्रीस, जर्मनीचे कोरेन्स आणि ऑस्ट्रियाचे चेर्माक या तिघांनी आपापल्या संकराच्या प्रयोगांनंतर मेंडेलचा जुना निबंध उघडला आणि त्यांना कळले, की हा हिशेब ३४ वर्षांपूर्वीच छापून झाला आहे. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी आक्षेप घेतला, की मेंडेलचे काही आकडे नियमाच्या फारच जवळ आहेत. दहा दाण्यांच्या परीक्षेत फुटीचे एखादे झाडही योगायोगाने शुद्ध भासू शकते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. त्यावर आजवर पुष्कळ वाद झाला. फुलाच्या रंगाचे ३६ आणि ६४ हे आकडे मात्र फिशर यांची ती दुरुस्ती धरूनही बसतात. आणि २०१० मध्ये वाटाण्याचे फूल पांढरे का होते तेही शास्त्रज्ञांनी शोधले. रंग तयार करायचे काम सुरू करणारे एक जनुक त्यात बिघडलेले असते.

मेंडेल गुलबाक्षीवरही प्रयोग करत. तिच्या एका फुलात मिरीएवढे एकच बी धरते, आणि ते धरायला एकच परागकण पुरतो हे त्यांनी दाखवले. गुलबाक्षी तर आपल्या परसात असतेच. लाल आणि पांढऱ्या फुलांची झाडे शोधा. आधी एक वर्ष कळ्यांवर कापडाची पुरचुंडी बांधून त्यांचे बी वेगळे धरा, रंग तसाच येतो का बघा. मग दुपारी, कळी उमलायच्या आत, तिचे पुंकेसर काढून पुरचुंडी बांधा आणि संध्याकाळी दुसऱ्या रंगाच्या फुलाचा पराग लावा. बी काळे झाले की दोरा बांधलेल्या फुलांचेच वेचा. पहिल्या पावसाला पेरले तर पहिल्या पिढीत बहुधा गुलाबी फुले दिसतील, कारण इथे लाल पुरता वरचढ नसतो. त्याच्या पुढच्या वर्षी लाल, गुलाबी आणि पांढरी अशी तिन्ही येतील. त्या वर्षी झाडे मोजताना गुलाबी वेगळी लिहा, लालमध्ये धरू नका.